दोन सेलची बॅटरी

१

मंगळवार, ११ जानेवारी २००५. सकाळी सव्वासहाला कोडोलीच्या शिवारातल्या एका सामाईक विहिरीत आकाराम खवरे याचं प्रेत दिसलं.

दिसलं ते धोंडुबाईला. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच यायची आणि सहाला जायची. वीज गेली की मोटरघरातला खटका पाडून ठेवायचा, म्हणून ती विहिरीवर आली होती. तिची हाक ऐकून पहिल्यांदा आला शेजारच्या उसातला गणपती चेचर, आणि मग सगळी वाडी. आकाराम एके काळी तालमीत घुमलेला गडी. त्याला दोर लावून वर काढायला चौघे लागले.

विहिरीच्या काठावर बॅटरी आडवी पडली होती. दोन सेलची, मोठ्या तोंडाची. बटण पुढं सरकवलेलं, उजेड नाही. मग कुणाला काही विचारायची गरजच राहिली नाही. अमावास्येची रात्र, सेल संपले, पाय चुकला, पडताना कपाळ दगडावर आपटलं. दुपारी डॉक्टरांनीही त्याला दुजोरा दिला. बुडून मृत्यू, फुप्फुसात गढूळ पाणी, कपाळावर मार. डाव्या नडगीवर एक बारीक पांढुरकी खूण होती. तिची फक्त नोंद झाली.

सगळं लक्ष गेलं ते बॅटरीकडं. त्या विहिरीचे वाटेकरी तीन: आकाराम, बसवेश आवटी आणि धोंडुबाई. पन्हाळ्याच्या बाजूनं गवे उतरतात अशी बोलवा उठल्यावर तिघांनी वर्गणी काढली आणि लांब उजेड टाकणारी बॅटरी आणायचं ठरवलं. आणायला बसवेश आणि आकाराम कोल्हापूरला गेले, पण निवड बसवेशची. महागातली सोडून त्यानं ही आणली, हे वाडीला माहीत होतं.

आकारामची बायको शालूबाई प्रेताजवळून उठली ती सरळ बसवेशसमोर आली.

"पैसं वाचवलंस न्हवं? घे आता. तुझ्या स्वस्ताच्या बॅटरीनं माझा मालक खाल्ला."

बसवेशनं मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात कुणी फिरकलं नाही. त्याची मुलगी विद्याश्री हिची सुपारी त्याच रविवारी फुटायची होती. गडहिंग्लजहून पाहुण्यांचा निरोप आला: जरा थांबू.

फौजदार निशा सरवदे यांच्या टेबलावर अपघाती मृत्यूचे कागद तयार होते. सहीच राहिली होती. बुधवारी सकाळी बसवेश ठाण्याच्या दारात उभा राहिला.

"फौजदारबाई, तक्रार द्यायची हाय."

"कुणाविरुद्ध?"

"इरुद्ध कुणाच्या न्हाय. बॅटरीच्या बाजूनं."

२

हवालदार बाळासो मोठ्यानं हसले. "बॅटरीला वकील पायजे म्हणा की!"

"हसा, सायेब. पर सेल नवं हुतं. गेल्या बाजारात मीच घातलं. आठ दिसात मरत्यात व्हय सेल?"

"पाण्यात पडली असेल, आत ओल गेली असेल."

"काठावर हुती ती. कोरडी." बसवेशचा आवाज चढला. "माणूस गेला त्याचं मला दुःख हाय. आमी एका पाटावरचं पाणी पाजलंय वीस वर्सं. पर बॅटरी बंद पडली आसं जो म्हणतो, त्यानं ती एकदा उघडून बघितली का? बंद पडणारी वस्तू मी आणत न्हाय."

त्यात माणसाची बाजू किती आणि निवडीचा अभिमान किती, हे निशाला नेमकं कळेना. पण प्रश्न बरोबर होता. बॅटरी कुणीच उघडली नव्हती. तिनं ती कपाटातून मागवली आणि त्याच्यापुढं ठेवली.

बसवेशनं बटणाला हात लावला नाही. बॅटरी उचलताच त्याच्या हातानं आधी मागचं झाकण फिरवलं. सवयीनं, न बघता. निशाच्या ते डोळ्यांत राहिलं. सेल त्याच्या तळहातावर उतरले आणि तो बघतच राहिला.

"काय झालं?"

"ह्यो उलटा हाय."

एक सेल टोक वर करून होता, दुसरा टोक खाली करून. त्यानं दुसरा फिरवला, दोन्ही परत आत सारले, झाकण आवळलं. मगच बटण सरकवलं. भिंतीवर उजेडाचं पांढरं ताट उमटलं. वाटेत बसलेल्या बाळासोंनी डोळ्यांपुढं हात धरला.

"म्हंजे बाई," बसवेश हळू म्हणाला, "ही त्या रात्री इझली न्हाय. पेटलीच न्हवती."

३

"नेम हाय आमचा," धोंडुबाई म्हणाली. ती विहिरीवर धुणं आपटत होती आणि फौजदार आली म्हणून थांबायचं तिच्या मनात नव्हतं. "बॅटरी मोटरघरात खुंटीला. घेताना, ठेवताना बटण सरकतंय, उंदरं पाडत्यात, ऊसतोडीची माणसं सावलीला येत्यात ती चाळा करत्यात. सेल गेलं की परत वर्गणी, आन् वर्गणी म्हटलं की भांडण. म्हणून ज्याची पाळी झाली त्यानं एक सेल उलटा घालून टांगायची. ज्याची पाळी आली त्यानं सुलटा करून न्यायची."

"हे कुणाकुणाला ठाऊक?"

"आमा तिघांस्नी. चौथ्याला सांगून काय उपेग? त्यो सुलटाच करंल की."

"तुमच्या घरातल्यांना?"

"घरात माझ्या मीच. आन् बसवेशाच्या घरात सेलाचं कुणाला पडलंय?"

रविवारची पाळी धोंडुबाईची होती, सोमवारची आकारामची. सोमवारी पहाटे सेल उलटा घालून बॅटरी तिनंच टांगली होती. म्हणजे मंगळवारी काठावर सापडलेली बॅटरी धोंडुबाईनं ठेवली तशीच होती. मधल्या काळात तिला कुणी उघडलं नव्हतं.

"आकाराम विसरला असेल," निशा म्हणाली. "घाईत तशीच घेऊन गेला, पेटेना, तरी काळोखात पाणी पाजत बसला."

धोंडुबाईनं पिळा तसाच ठेवला आणि पदरानं हात पुसले. "चला. दावते."

आकारामच्या उसात सऱ्या भरलेल्या होत्या. जिथवर पाणी पोचलं होतं तिथवर प्रत्येक सरीचं तोंड मातीनं नीट बंद केलेलं, फावड्यानं थापलेलं. शेवटच्या दोन सऱ्या तेवढ्या वाहून गेल्या होत्या. तिथून पुढं पाणी पाजायला माणूस उरला नव्हता.

"आमुशाच्या राती हे चाचपून हुतंय व्हय? उजेड हुता त्याच्याजवळ. चांगला झ्याक उजेड हुता."

"मग ती बॅटरी कुठं गेली?"

"ते तुमी हुडकायचं. मला पगार न्हाय त्याचा."

निशा बांधावर टेकली. आकारामचं कुणाशी वाकडं होतं, हे तिला विचारायचंच होतं.

"माझ्याशी," धोंडुबाई लगेच म्हणाली. "पाळीवरनं रोजची कचकच. एक दीस न्हाय भांडलो तर पाणी गोड लागत न्हवतं. बसवेशाशी त्या बॅटरीवरनं. आन् ह्यो गणपती. आमचा पाट त्याच्या बांधाकडनं जातोय, फुटला की पाणी त्याच्या उसात. त्यो बोंबलायचा." तिनं विहिरीकडं बघितलं. "पर भांडायला बी माणूस लागतंय की, बाई. आता कुणाशी भांडू?"

तिनं पदर तोंडाला लावला. निशानं बाजूला पाहिलं, आणि तिची नजर गणपतीच्या बांधावर गेली.

४

गणपतीची खोप उसाच्या कडेला होती. त्यानं पोतं अंथरलं.

"बसा बाई. इचारा. मी काय बी लपवणार न्हाय."

उजेडाबाबत त्यानं काही लपवलं नाही, असं पुढं निशालाही मान्य करावं लागलं. त्याची जबानी सरळ होती. रात्री तो खोपीत जागा होता. पाण्याचा आवाज येत होता, आकारामची बॅटरी हलताना दिसत होती.

"टेकावरच्या टाकीवर झोत पडला. पांढरी टाकी न्हवं का, अशी उजाळली की दुधात न्हाल्यागत. मी मनात म्हटलं, बॅटरी बाकी झ्याक आणल्या बसवेशानं. आन् एकदम इझला. म्हटलं सेल गेलं. मी बी पडलो."

त्याची बायको आक्काताई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन आली. तिनं तो कुणाची मदत न घेता खाली ठेवला, निशाकडं एकदा बघितलं आणि चहाला आत गेली.

परतताना निशा बांधावरून चालली. बांधाच्या कडेनं ठरावीक अंतरावर भोकं होती, अंगठा जाईल एवढी.

"खेकडं," मागून येणारा गणपती म्हणाला. "लई झाल्यात औंदा."

खेकडा बीळ उकरतो तेव्हा ओल्या मातीच्या गोळ्या तोंडाशी टाकतो. या भोकांच्या तोंडाशी माती नव्हती. निशानं ते बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी दिवस मावळल्यावर तिनं बसवेशला विहिरीवर बोलावलं आणि बॅटरीत कोरे सेल घातले. "टाकीवर मारा."

बसवेशनं मारली. झोत आखीव होता, आंब्याचं पान न् पान मोजून घ्यावं असा. पण आंब्यापाशीच तो थांबला. विहिरीवरून पाहिलं तर टाकी त्या आंब्याच्या बरोबर मागं होती.

"इथनं टाकी दिसतच न्हाय, मॅडम," बाळासो म्हणाले.

ते बांधाबांधानं सरकत गेले. गणपतीच्या बांधावर आल्यावर आंबा बाजूला झाला आणि टेकावरची टाकी समोर आली. बसवेशनं पुन्हा बॅटरी मारली. झोत अर्ध्या रानात गेला, पातळ झाला आणि विरला. टाकी काळीच राहिली.

"तितक्या लांब हिला जायचंच न्हाय," बसवेश ओशाळून म्हणाला. "ते मी घेतानाच सांगितलं हुतं. लांबचं बघून करायचंय काय? पळायला पायाखालचं दिसलं पायजे."

"मग गणपती खोटं बोलला," बाळासो म्हणाले.

निशाला ते पटलं नाही. खोटं बोलणारा माणूस लागेल तेवढंच बोलतो. बॅटरी पेटली आणि विझली, एवढ्यानं गणपतीचं काम झालं असतं. टाकीची गरज नव्हती. टाकी त्यानं सांगितली, कारण ती त्यानं पाहिली होती.

"खरं बोलला," ती म्हणाली. "दुसरी बॅटरी होती."

५

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत गुरुसिद्ध यांचं बॅटऱ्या, पंखे आणि मोटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ते मूळचे निपाणीकडचे. घरात कन्नड आणि गल्ल्यावर मराठी बोलतात. बसवेशचं नाव काढताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"असं गिऱ्हाईक शिवशंकर कुणाला देऊ नये. अख्खी दुपार खाल्ली, मॅडम. लोक काय करतात? बॅटरी घेतात, दुकानाच्या भिंतीवर मारतात, डोळे दिपले की पैसे टाकतात. भिंतीवर मारून बॅटरी घेणारा आणि फोटो बघून पोरगी करणारा, दोघं सारखेच फसतात. ह्यो बाबा दिवस मावळायची वाट बघत बसला. मग माझ्याच गच्चीवर चढून पलीकडच्या वखारीच्या पत्र्यावर एकेक मारून बघितली."

"कुठल्या कुठल्या?"

त्यांनी काउंटरवर तीन मांडल्या. एक चार्जिंगची, तोंड परातीएवढं. "हिचा उजेड डोळ्यात भरतो, पण पसरतो. लांब जात नाही. आणि शेतकऱ्याला वीज रात्री. चार्जिंग कधी करायची आणि वापरायची कधी? ही बाद." दुसरी पोलादी, पाच सेलची, दंडुक्यासारखी. "ही राजा. तोंडातली वाटी खोल, बल्ब नेमका मधोमध. झोत दोरीसारखा सरळ जातो. पण पाच सेल खाते." तिसरी दोन सेलची. "वाटी हिचीही खोल, झोत बारीक. पाचवालीच्या निम्मं जाते, पण सेलाचा खर्च निम्म्याहून कमी. वर्गणीतल्या माणसाला हीच बरी. बसवेश बरोबर होता."

"आणि आकाराम?"

"त्याचा जीव पाचवालीवर. वखारीच्या पलीकडची चिमणी दिसली, तेव्हा लहान पोरासारखा हसला. 'गवा लांबनं दिसाय पायजे, बसवेशा.' बसवेश म्हणतो, 'गवा दिसला तर त्यो बी तुला बघंल.' जिन्यावरच जुंपली दोघांची. शेवटी बसवेशचं चाललं."

"मग आकाराम परत आला."

गुरुसिद्ध चमकले. "तुम्हाला कुणी सांगितलं? पुढच्या आठवड्यात आला, एकटाच. पाचवाली घेऊन गेला. पिशवीत घालून वर टॉवेल गुंडाळला, जशी काही बाटलीच नेतोय. म्हणाला, बसवेशाला कळू देऊ नका, त्यो मनाला लावून घील."

संध्याकाळी निशा शालूबाईकडं गेली. त्या पाच सेलच्या बॅटरीबद्दल शालूबाई आधी नाहीच म्हणाली. मग भिंतीकडं तोंड करून बोलली.

"कणगीमागं ठेवायचे. पाळीला जाताना धोतरात लपवून न्यायचे. मी म्हटलं, चोरीची हाय का? तर म्हणाले, बसवेशानं लई हौसंनं निवडल्या. त्याचा मान ऱ्हाऊ दे."

"मंगळवारी हे का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मालक गेला आन् बॅटरीचं काय सांगत बसू? काठावर पडल्याली मी बघितलीच न्हाय नीट. लोकं बसवेशाची म्हणाली, मी बी म्हटलं." तिनं वळून पाहिलं. "पर मग त्यांची कुटं हाय?"

६

शुक्रवारी सकाळी निशानं पाच जणांना विहिरीवर बोलावलं: बसवेश, धोंडुबाई, शालूबाई, गणपती आणि आक्काताई. बॅटरीतला एक सेल तिनं पुन्हा उलटा करून ठेवला होता.

"ही पेटवून दाखवा. एकेकानं."

बॅटरी पहिल्यांदा धोंडुबाईच्या हातात गेली. तिनं मागचं झाकण फिरवलं. निशानं ती तिथंच काढून घेतली आणि शालूबाईला दिली. शालूबाईनं बटण सरकवलं, उजेड आला नाही, तिनं परत केली. गणपतीनं बटण सरकवलं. मागंपुढं केलं, तळहातावर दोनदा आपटलं.

"सेल गेल्यात," तो म्हणाला.

"यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही," निशा म्हणाली. "निम्मं कोल्हापूर असंच करील. यावरून एवढंच ठरतं, की ज्यानं ही काठावर आणून ठेवली तो वाटेकरी नसावा. वाटेकऱ्याचा हात आधी झाकणाकडं जातो. त्यानं सेल सुलटा केला असता, बटण लावून सोडली असती आणि सकाळपर्यंत सेल खरोखर संपले असते. ठेवणाऱ्यानं बटण सरकवलं, पेटली नाही, त्याला वाटलं बरंच झालं."

"आता टाकी. आकारामजवळ पाच सेलची बॅटरी होती. तिचा उजेड टाकीवर पडताना गणपतीनं पाहिला. त्या क्षणाला ती विझली. पण विहिरीवरून टाकी दिसत नाही, मध्ये आंबा आहे. टाकीवर उजेड पडायचा तर माणूस गणपतीच्या बांधावर पाहिजे. म्हणजे बॅटरी विझली तेव्हा आकाराम विहिरीवर नव्हता. त्या बांधावर होता. पाट फुटला होता, तो बघायला गेला होता." ती गणपतीकडं वळली. "बांधावर खेकड्यांची बिळं आहेत म्हणालात. खेकडे ठरावीक अंतरानं बीळ करत नाहीत. तिथं खुंट्या होत्या. खुंट्यांवर काय होतं?"

बाळासोंनी खोपीच्या छपरातून बारीक, उघड्या तारेचं वेटोळं ओढून काढलं होतं. ते त्यांनी गणपतीच्या पायाशी टाकलं. आकारामच्या नडगीवरची पांढुरकी खूण याच तारेची होती. वाडीतल्या गड्यांना उसात सोडलं होतं. थोड्या वेळानं आतून हाळी आली. पोलादी बॅटरी पाचटाखाली सापडली. काच शाबूत, बटण पुढं, सेल मेलेले. पडताना उजेड तिच्यातच राहिला होता, पण पाचटानं तो झाकून टाकला होता. काळोखात ती शोधणाऱ्याला मिळाली नव्हती. विहिरीत पडलेल्या माणसाजवळ बॅटरी तर पाहिजे, म्हणून मोटरघरातल्या खुंटीवरची आणली गेली.

गणपतीनं तारेचं वेटोळं पायानं बाजूला सारलं.

"डुकरं ऊस मोडत्यात, बाई. कांडी न् कांडी खात्यात. सगळीच लावत्यात तार. मी मोटरवरनं करंट सोडला हुता. त्यो बांधावर आला, टाकीकडं उजेड मारला, काय बघितलं त्याचं त्याला ठावं. पाय लागला आन् आडवा झाला. मी खटका पाडून आलो तवा गप पडला हुता. कपाळ फुटल्यालं. मला कळंना. तार म्हटलं की तुरुंग. म्हणून इहिरीत..." त्यानं शालूबाईकडं हात जोडले. "वैनी, मी मारला न्हाय. त्यो मेलाच हुता."

"नव्हता," निशा म्हणाली. "फुप्फुसात विहिरीचं पाणी होतं. मेलेला माणूस श्वास घेत नाही, पाणी ओढत नाही. तुम्ही टाकला तेव्हा तो जिवंत होता."

धोंडुबाईनं शालूबाईला मागून धरलं.

गणपतीचा विश्वास बसत नव्हता, हे दिसत होतं.

"पर गेलाय म्हणून सांगितलं की मला," तो म्हणाला. "नाडी बघून सांगितलं."

"कुणी?"

गणपतीनं तोंड मिटलं.

७

आकारामला एका माणसानं उचलून विहिरीपर्यंत नेणं शक्य नव्हतं. ओढत नेलं असतं तर शर्टाची पाठ फाटली असती, ती धड होती. दोघे होते. एकानं नाडी पाहिली होती. दुसऱ्यानं, म्हणजे गणपतीनं, त्यावर विश्वास ठेवला होता. पोलिसांना, डॉक्टरांना आणि वाडीला एवढंच कळलं. पुढं काही कळलं नाही.

बॅटरीवरचा आळ शुक्रवारी दुपारीच फिटला. शालूबाई स्वतः बसवेशच्या दारात गेली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. त्याच्या बायकोनं तिला पाणी दिलं. गडहिंग्लजच्या पाहुण्यांनी नवा मुहूर्त विचारला.

मग नाडीची गोष्ट तिकडं पोचली.

नाडी बघता येते अशी त्या शिवारात दोनच माणसं. आक्काताई लग्नाआधी माहेरच्या गावी नर्सबाईंच्या हाताखाली होती. बसवेशचे वडील झाडपाल्याची औषधं द्यायचे आणि मुलाला त्यांनी थोडं शिकवलं होतं, हे वाडीला ठाऊक होतं. आक्काताईनं सांगितलं, त्या रात्री ती घरी होती, खोपीत नव्हती. बसवेशनं सांगितलं, तोही घरी होता. दोघांच्याही घरच्यांनी तसंच सांगितलं.

"बसवेश असता तर सेल सुलटा केला असता, मॅडम," बाळासो म्हणाले. "तुमचाच हिशेब हाय."

"बॅटरी आणायला गणपती एकटा गेला असेल तर?"

बाळासोंनी दुसरी बाजू धरली.

"आन् तक्रार घेऊन कोण आला? त्यो आला नसता तर आपण सही करून मोकळं झालो असतो."

"म्हणूनच मला वाटतं तो नाही," निशा म्हणाली. "पण वाटणं लिहिता येत नाही."

पाहुण्यांचा पुन्हा निरोप आला: अजून जरा थांबू. बसवेश ठाण्यात आला. या वेळी त्याला बसायला सांगावं लागलं नाही.

"बॅटरी सुटली, बाई. मी न्हाय सुटलो."

गणपती कळंब्याच्या तुरुंगात होता आणि बोलत नव्हता. मार्चच्या शेवटी आक्काताईनं ठाण्यात येऊन सांगितलं, की त्याला सांगायचं आहे. फक्त फौजदारबाईंना. निशानं दिवस ठरवला. बसवेशला कुठून तरी कळलं आणि तो मागं लागला.

"मला येऊ दे. मी तोंड उघडत न्हाय. पर त्यो काय बोलतोय ते माझ्या कानानं ऐकू दे. माझ्या पोरीचं लगीन त्याच्या जिभंवर अडकलंय."

निशानं होकार दिला. नंतर तिला हा निर्णय चुकला असं अनेकांनी सांगितलं. तिनं वाद घातला नाही.

शनिवारी, २ एप्रिलला मुलाखतीच्या खोलीत जाळीच्या अलीकडं निशा उभी होती. तिच्या मागं, भिंतीला लागून, बसवेश आणि बायको म्हणून भेटीला आलेली आक्काताई. दोघांत हातभर अंतर होतं आणि दोघं एकमेकांकडं बघत नव्हती.

गणपतीला आणलं. तो वाळला होता. त्यानं जाळीला बोटं लावली आणि निशाकडं बघून तोंड उघडलं. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं गेली.

निशानं वळून पाहिलं नाही. वळली असती, तर तो कुणाकडं बघत होता हे कदाचित तिला कळलं असतं. तिला त्याचे शब्द चुकवायचे नव्हते.

"मला काय बोलायचं न्हाय," गणपती शिपायाला म्हणाला, आणि आत गेला.

त्यानंतर त्यानं कुणाचीही मुलाखत मागितलेली नाही. आरोपपत्रात एक नाव आहे आणि त्याखाली, एक अनोळखी इसम.